उसातलं माहेर

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या शेजारी खिळ्याला एक कागद टोचलेला असतो. शेतीच्या लाइटीचं वेळापत्रक. काही दिवस थ्री फेज दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की जेवण उरकून बॅटरी घ्यायची, मोटर सुरू करायची आणि उसाला दारे धरत पहाट करायची. मला आठवतं तेव्हापासून हा कागद तिथं आहे, त्यावरचे आकडे तेवढे बदलत गेले. आता त्याचा फोटो माझ्या फोनमध्येही असतो. मी पुण्यात राहते, नोकरी करते, शेतात वर्षातून चार वेळा जाते. तरी रात्रपाळीचे दिवस मला पाठ असतात. का, ते ओघात येईलच.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, कालव्याच्या खालच्या अंगाला. आजी लग्न होऊन इथं आली तेव्हा हा सगळा माळ होता. बाजरी, हुलगा, मटकी, पावसावर येईल तेवढं. विहिरीला मोट होती आणि मोटेवर भिजेल तेवढाच काय तो हिरवा तुकडा. आजी सांगायची की तेव्हा भीती लांडग्याची. धनगरांची मेंढरं माळाला बसली की रात्रभर कुत्री भुंकायची. बिबट्या, तिच्या भाषेत वाघरू, वर डोंगरात, घाटाच्या रानात. गावात कुणी पाहिलेलं नव्हतं.

मग कुकडीचं पाणी आलं. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं या एका प्रकल्पात आहेत. धरणांमागून कालवे, कालव्यातून चाऱ्या, चारीवरून आमच्या बांधापर्यंत पाणी. जिरायतीचं बागायत झालं. ऊस आला, कारखाना आला, नारायणगावला टोमॅटोचा बाजार उभा राहिला, द्राक्षाच्या बागा झाल्या. माझं कॉलेज, भावाचा ट्रॅक्टर, घरावरचा स्लॅब, हे सगळं त्या पाण्यातून आलेलं आहे. त्यामुळे उसाविषयी मी पुढे जे काही लिहीन, ते त्याचं खाल्लेल्या घरातली मुलगी लिहिते आहे.

उसाकडे एकदा जनावराच्या नजरेनं बघायला हवं. आडसाली लागण आषाढ-श्रावणात होते आणि तोड पुढच्या वर्षीच्या थंडीत. म्हणजे दीड वर्ष ते रान कुणी मोडत नाही. चार-पाच महिन्यांत ऊस डोक्यावर जातो, पानं एकमेकांत अडकतात, आत भर दुपारी सावली. माणूस आत शिरत नाही, पानांनी हात कापतात. सरीत पाणी खेळतं. फडाच्या कडेला वस्ती, वस्तीवर शेरडं, कोंबड्या आणि मोकळी कुत्री. पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी लोक ओढ्यात टाकतात, त्यावर कुत्री वाढतात. दडायला जागा, प्यायला पाणी, खायला भक्ष्य, आणि हे सगळं एकाला एक लागून मैलोन्‌मैल. रान म्हणजे आणखी काय असतं?

2011 च्या जानेवारीत मी बाळंतपणासाठी माहेरी होते. लेक दोन महिन्यांची. घरामागच्या आमच्याच फडात तोड चालू होती. ऊसतोड मजुरांची टोळी बीडकडची होती, त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, ओढ्याच्या काठाला घातलेल्या. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला कोयत्यांचा आवाज एकदम थांबला. उसाची तोड चालू असली की तो खसाखस आवाज कानाला इतका सवयीचा होतो की तो थांबल्यावरच कळतं. मी पडवीत आले तर टोळीतली माणसं बांधावर उभी आणि एक बाई दोन्ही हात पुढे धरून काहीतरी दाखवत होती. पाचटात दोन पिल्लं सापडली होती. मांजराच्या पिल्लाहून जरा मोठी, डोळे उघडलेले, निळसर. अंगावरचे ठिपके अजून नीट उमटलेले नव्हते. ती बाई त्यांना उचलून घेणार होती, मुकादमानं ओरडून अडवलं.

सगळी माणसं घाबरलेली होती आणि घाबरलेली असूनही कुणी त्या पिल्लांवर काठी उगारली नाही, हे मला आजही नोंदवावंसं वाटतं. टोळीचे पैसे टनावर. थांबलेली तोड म्हणजे बुडालेली मजुरी. तरी माणसं कोयते टाकून कडेला बसली.

वनविभागाची गाडी आली, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर आले. त्यांनी पिल्लं तपासली, तब्येत बरी आहे म्हणाले. आमच्या तालुक्यात थंडीतल्या तोडीला हे होतच असतं. पिल्लं नेऊन पिंजऱ्यात वाढवली तर ती जन्मभर पिंजऱ्यातलीच होतात, आणि आई मात्र फडाभोवती पिसाटासारखी फिरत राहते. म्हणून संध्याकाळी त्याच जागेवर, त्याच सरीत, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये पिल्लं ठेवायची, कॅमेरा लावायचा आणि माणसांनी लांब जायचं. आई येते.

आजी त्या दिवशी ओसरीवर बसून सगळं ऐकत होती. एक वनरक्षक अण्णांना म्हणाला, "मादी इथं कशी काय आली कुणास ठाऊक, डोंगर तर एवढा लांब." आजी मधेच म्हणाली, "कशी काय म्हंजी? बाळंतपणाला म्हायेरीच येणार ना ती. ही बी आलीच की." ही म्हणजे मी.

त्या रात्री गोठ्याचं दार बंद, घरातले दिवे मालवलेले. मी लेकीला घेऊन आतल्या खोलीत. मला मनापासून भीती वाटत होती, ते लपवत नाही. खिडकीला गज होते, तरी मी पाळणा भिंतीकडून ओढून खोलीच्या मधोमध घेतला. आणि त्याच वेळी मी कान देऊन होते, ती आली का. क्रेटमधलं पिल्लू ओरडायचं, बारीक, चिरका आवाज, आणि माझ्या छातीत दूध भरून यायचं. शरीराला आपलं-परकं कळत नाही, हे मला त्या रात्री समजलं.

सकाळी कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. आठ बावन्नला ती आली होती. क्रेटच्या कडेनं वाकून एक पिल्लू मानेला धरून नेलं. मग दीड तास काही नाही. दहा वीसला परत येऊन दुसरं नेलं. राहिलेला ऊस दुसऱ्या दिवशी तुटला. ती कुठे गेली? पुढच्या फडात. तिसऱ्या गावच्या, चौथ्या गावच्या. जिथे अजून कोयता लागलेला नाही तिथे.

आजीचं ते माहेर माझ्या डोक्यातून गेलं नाही. पिल्लू आईसोबत वर्ष-दीड वर्ष राहतं. तेवढ्या काळात ते जे शिकतं ते आयुष्यभराचं. आमच्या फडात जन्मलेलं पिल्लू काय शिकणार? ट्रॅक्टर कधी येतो, कुत्रं कुठं झोपतं, कोणत्या वस्तीवरचं दार उघडं राहतं, हायवे कधी मोकळा असतो. त्याची आईही अशाच एखाद्या फडात जन्मलेली असणार, कदाचित तिचीही आई. त्यांतल्या कुणी घाटातलं रान पाहिलंही नसेल. तरी दर वेळी पहिला प्रश्न तोच असतो, बिबट्या आला कुठून?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात उसात उतरल्या. त्यांच्या गटानं शेतांतून, पायवाटांवर कॅमेरे लावले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मला अजून आश्चर्यात टाकतो. दर 100 चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे, आणि त्याच जमिनीवर दर चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसं. तिथं अभयारण्य नाही, भक्ष्य म्हणावं असं हरीण नाही. विष्ठेच्या अभ्यासातून कळलं की त्यांच्या खाण्यातला 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा, आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. ज्या बिबट्यांच्या गळ्यात कॉलर बांधली होती, ते रात्री घरांच्या अगदी जवळून जात होते आणि दिवसा गपगार पडून राहत होते. आपण झोपलेलो असताना ते आपल्या अंगणातून जातात आणि बहुतेक रात्री काहीच घडत नाही. घडत नाही त्याची बातमी होत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की तो घडलं त्या दिवशीच आला.

म्हणजे त्यानं आपलं वेळापत्रक आमच्यावरून बेतलं. माणसं रात्री दहाला झोपतात, पाचला उठतात, मधले सात तास त्याचे. त्याचा हिशेब चुकलेला नाही. आणि नेमक्या त्याच सात तासांत, भिंतीवरच्या कागदानं, माझा अण्णा उसात उभा असतो.

एक काळ असा होता की उपाय सोपा वाटायचा. पिंजरा लावा, पकडा, लांबच्या जंगलात सोडा. लोकांची मागणी तीच असायची, मीही तेव्हा तेच म्हणत होते. जुन्नर वनविभागात 2001 ते 2003 या काळात शंभरावर बिबटे पकडले गेले आणि बरेचसे दुसरीकडे नेऊन सोडले. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते सतरावर गेले. पहिल्यांदा हे आकडे वाचले तेव्हा छपाईची चूक वाटली. नंतर त्यामागचं कारण वाचत गेले. एका ठिकाणी स्थिरावलेला बिबट्या उचलला की त्याची जागा रिकामी राहत नाही. आजूबाजूचे कोवळे, जागा शोधत फिरणारे नर तिथं घुसतात, त्यांना ना वस्त्या माहीत, ना माणसांच्या वेळा. आणि जो उचलून नेला, त्याचं काय? पिंजऱ्यात माणसांच्या गराड्यात दोन दिवस काढलेला, अनोळखी डोंगरात सोडलेला, तिथल्या बिबट्यांनी हुसकलेला. तो पुन्हा चालू लागतो आणि वाटेतल्या गावांना त्याची, त्याला त्या गावांची माहिती नसते.

ते चालणं किती असतं हे एका बिबट्यानं दाखवून दिलं. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलं. वय झालेला, शांत म्हणून त्याला नाव पडलं आजोबा. तो थांबलाच नाही. जवळपास 120 किलोमीटर चालत, रेल्वेचे रूळ आणि महामार्ग ओलांडत, वसईच्या बाजूनं थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत त्यानं एकाही माणसाला इजा केली नाही. 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेनं तो मेला. त्याच वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही पकडून दुसरीकडे सोडण्याच्या मार्गापासून दूर राहायला सांगितलं आहे. तरी आजही आमच्याकडे गावसभेत पहिली मागणी तीच होते. ज्या घरातलं पोर गेलं, त्या घरासमोर उभं राहून हे आकडे सांगायची माझी हिंमत नाही.

इथे मला थोडं आडवाटेला जायचं आहे, कारण कालव्याच्या पाण्याचा हिशेब बिबट्यावर संपत नाही. आजीचा तो लांडगा कुठे गेला? माळ गेला, तसा तोही. कोल्हा-खोकड कमी झाले. सोलापूरकडे नान्नजला माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं. एके काळी लोक लांबून तो पक्षी पाहायला जात. आता तो तिथं दिसणं जवळपास संपलं आहे. माळढोकाला उघडं गवताळ रान लागतं, चारी बाजूंनी दूरवर दिसेल असं. जमिनीवरच एक अंडं घालणारा पक्षी. त्याच्यासाठी पाणी म्हणजे संकट होतं, आणि माळ सरकारदरबारी पडीक जमीन म्हणून लिहिलेला. बिबट्याला आडोसा मिळाला, माळढोकाचा उघडेपणा गेला. आम्ही जमीन बदलली आणि जमिनीनं परस्पर ठरवलं कुणी राहायचं. बिबटे वाढले म्हणून निसर्ग सुधारला असं कुणी म्हणू लागलं की मला नान्नजचा मोकळा माळ आठवतो.

आणि आता जे सगळ्यात अवघड आहे ते. माणसं मरतात. आमच्या पंचक्रोशीत गेली आहेत. बहुतेकदा लहान मुलं, नाहीतर शेतात वाकून काम करणारी म्हातारी माणसं. बसलेला, वाकलेला माणूस चार पायांच्या जनावराएवढा दिसतो, म्हणून वनरक्षक गावोगाव सांगत फिरतात की उघड्यावर एकटं बसू नका, पोरांना अंधारात अंगणात सोडू नका. सांगणं खरं आहे. पण ज्यांची कोपी पाचटाची आणि चिंध्यांची, दार म्हणजे गोणपाट, शौचाला बांधाआड जायचं, पहाटे चारला आईबाप फडात आणि पोरं मागे झोपलेली, त्यांनी कोणतं दार लावायचं? पाच-सहा महिने ही मुलं उसाच्या कडेला उघड्यावर राहतात, आणि तोड पुढे सरकते तसा बिबट्याचा आडोसा कमी होत होत त्यांच्याच बाजूला येतो. बिबट्याच्या प्रश्नावर सभा झाल्या, मोर्चे झाले, त्यांत टोळीतली माणसं बोलताना मी पाहिली नाहीत. ती गावाच्या मतदारयादीत नसतात.

2025 च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडचे फोटो आले. बाया-माणसं गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात काम करत होती. त्याआधीच्या काही आठवड्यांत त्या भागात मुलांसह माणसं गेली होती, लोकांनी महामार्ग अडवला होता. तो पट्टा मी ओळखला. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात असाच पट्टा घालतात, बिबट्या-लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून. आजीच्या वेळच्या कुत्र्यांचा पट्टा आता माझ्या वयाच्या बाईच्या गळ्यात होता. मी तो फोटो बराच वेळ बघत राहिले. जनावर बदललं, असं सगळे म्हणतात. त्या फोटोत आम्ही बदललेलो दिसत होतो.

त्यानंतर नसबंदीची, बिबटे दुसऱ्या राज्यांत पाठवण्याची चर्चा सुरू झाली. होऊन जाऊ दे प्रयोग, मी विरोधात नाही. नरभक्षक ठरलेला बिबट्या मारावा लागतो, तेही मला मान्य आहे. पण ऊस आहे तोवर ती जागा आहे, आणि जागा आहे तोवर कुणीतरी तिथं जन्माला येणारच.

डोंगराच्या बाजूला, अकोल्याच्या आणि जुन्नरच्या वरच्या आदिवासी गावांत, शिवेवर शेंदूर लावलेला वाघोबा असतो. आपली वसुबारस असते त्या दिवशी महादेव कोळी वाघबारस करतात. गुराखी त्याला नैवेद्य दाखवतात, वर्षभर गुरं सांभाळ म्हणून हात जोडतात. लहानपणी मी एकदा आईच्या मैत्रिणीबरोबर ते पाहिलं होतं. मला त्यातलं मागणं आठवतं. त्याला कुणी जा म्हणत नव्हतं. तू तुझ्या वाटेनं, आम्ही आमच्या, एवढंच. त्यांची गुरंही जातात, त्यांनाही राग येतो. पण कुठून आला, हा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही. आमच्या बागायती गावात वाघोबा नाही. आमच्याकडे मारुती आहे, कारखान्याचा गट आहे आणि वेळापत्रक आहे.

करण्यासारखं जे आहे ते बहुतेक साधं आहे. बंदिस्त गोठा, पोल्ट्रीची घाण पुरणं, विहिरींना कठडे, कोप्यांपाशी पक्की खोली आणि उजेड. आणि सगळ्यांत आधी, दिवसा लाइट. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. काही गावांना त्यातून दिवसाची थ्री फेज मिळाली आणि तिथली माणसं रात्री घरात झोपतात. आमच्या फिडरवर ती अजून आलेली नाही. लोक याला शेतकऱ्याच्या सोयीची मागणी समजतात. मला विचाराल तर बिबट्यासाठीही याहून मोठी गोष्ट कुठली नसेल. रात्रीचे ते सात तास त्याचे त्याला परत मिळतील.

तोवर आम्ही बापलेकीनं एक काढलं आहे. रात्रपाळीच्या दिवशी अण्णा मोटर सुरू करून फोन लावतात, स्पीकरवर टाकून खिशात ठेवतात आणि आम्ही बोलत राहतो. मोठ्यानं. माणसाचा आवाज आला की तो वाट बदलतो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, पण त्यांचा त्यावर भरवसा आहे. अडुसष्ट वर्षांचे आहेत, भाऊ कारखान्यावर पाळीला असला की एकटेच. मी पुण्यात बाल्कनीत बसते. लेक आता पंधरा वर्षांची झाली, कधी कधी तीही येऊन बसते आणि आजोबांना शाळेतलं काय काय सांगते. बोलायचे विषय दोन रात्रींत संपतात. मग मी वर्तमानपत्र वाचून दाखवते, अण्णा हरिपाठ म्हणतात, पाढे म्हणून झालेत.

परवा रात्री दीड वाजता बोलता बोलता ते गप्प झाले. पाण्याचा आवाज येत होता, मोटरीची घरघर येत होती.

"अण्णा?"

"बोल, बोल. थांबू नको."

"काय झालं?"

"काय नाही. पलीकडच्या बांधावरनं गेली. मागं एक पिल्लू होतं."

"तुम्ही घरी या बघू."

"अगं, दोन सऱ्या राहिल्यात. लाइट पाचला जाईल." थोडं थांबून म्हणाले, "ते मघाचं वाच परत. आणि जरा मोठ्यानं वाच."